परबमामींची पाण्याची शपथ

दिवाळीच्या गारव्यात उन्हाळ्याच्या गोष्टी वाचायला कुणाला आवडतील, मला ठाऊक नाही. पण माझ्या नोकरीत वर्षाचे खरे महिने दोनच, एप्रिल आणि मे. बाकीचे दहा महिने मी या दोन महिन्यांची वाट बघत काढते, असं म्हटलं तरी चालेल.

परळ आणि दादर यांच्या मध्ये कुठेतरी एक जलतरण तलाव आहे. तिथे बायकांच्या बॅचला मी पोहायला शिकवते. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. उन्हाळी वर्ग तीन आठवड्यांचा असतो आणि त्याला लालबागपासून गिरगावपर्यंतच्या बायका येतात. कुणी डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सांगितलं म्हणून येतं, कुणी मुलीला सोडायला येतं आणि बाकावर बसून बसून कंटाळल्यावर स्वतःच नाव घालतं. एकदा एक बाई तलावाची हळदकुंकू लावून पूजा केल्याशिवाय उतरेना. पाण्यात हळद चालत नाही हे तिला समजावताना माझा अख्खा तास गेला. शेवटी तिने बाहेरच्या नळाची पूजा केली. तेच पाणी आत येतं ना, मग झालं, असं तीच म्हणाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पोहायला शिकवणं म्हणजे हातपाय मारायला शिकवणं. तसं नसतं. हातपाय सगळेच मारतात, घाबरलेला माणूस तर जास्तच मारतो. खरं शिकवायचं असतं ते डोकं खाली ठेवायला. डोकं वर काढलं की पाय खाली जातात, पाय खाली गेले की माणूस उभा होतो, आणि उभा माणूस बुडतो. म्हणून आधी श्वास, मग तरंगणं, आणि हात-पाय सगळ्यात शेवटी. हे मला शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या वर्षात शिकवलं गेलं.

त्याआधी मी शिकले होते ते कऱ्हाडला, कृष्णेत, पाठीला डबा बांधून.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील एसटी स्टँडवर हमाली करायचे. मे महिन्यात कुठे गावाला जायचं, शिबिराला जायचं, असला प्रश्नच नव्हता. आमचं सगळं शिबिर नदीवर. पहाटे घाटावर पोहणं, ऊन चढलं की घरी, आणि संध्याकाळी वाळूत कबड्डी. वाळवंटात पिकलेलं कलिंगड तिथेच गुडघ्यावर आपटून फोडायचं आणि तोंड धुवायला पुन्हा नदीतच शिरायचं. कोयना आणि कृष्णा आमच्याकडे समोरासमोर येऊन भेटतात. कोयनेचं पाणी धरणातून सुटलेलं, त्यामुळे ऐन वैशाखात पाय टाकला तरी अंगावर शहारा येतो. दिवेलागणीला सगळं शहर घाटावर येऊन बसतं. भेळेच्या गाड्या, बर्फाचे गोळे, देवळातली घंटा, आणि पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून बसलेल्या म्हाताऱ्या. मुंबईत मी इतकी वर्षं आहे, समुद्र रोज दिसतो, पण उन्हाळा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अजून तोच घाट येतो.

माझा थोरला भाऊ, दादा, तिथेच राहिला. त्याचं सायकल-पंक्चरचं दुकान आहे. मे महिन्यात तो सकाळी दुकान उघडत नाही, घाटावर पोरांना पोहायला शिकवतो. एका पैशाची फी न घेता, डबा बांधून. तेलाचा रिकामा डबा घ्यायचा, झाकण डांबराने पक्कं बंद करायचं, आणि दोरीने पाठीवर आवळून बांधायचा. डबा बुडत नाही, म्हणून पोरगं बुडत नाही. जसजसं यायला लागतं तसतसा डबा लहान होत जातो, आणि एक दिवस दादा दोरी सोडतो. मेच्या शेवटच्या रविवारी सगळी पोरं नदी पार करतात. त्या दिवशी काठावर जत्रा असते. आयांच्या हातात टॉवेल, आणि बापांच्या हातात मोबाइल.

पदवीला असताना आमचे प्राध्यापक डब्याच्या पद्धतीला हसायचे. डब्याने शरीराची ठेवण बिघडते, आणि भरवसा स्वतःवर न राहता डब्यावर राहतो, असं ते सांगायचे. त्यात तथ्य आहे, म्हणून मी तलावावर कधी डबा आणला नाही. पण गेली काही वर्षं मी माझ्या बॅचमधल्या तयार बायकांना घेऊन त्या शेवटच्या रविवारी कऱ्हाडला जाते. शनिवारी सकाळची एसटी, रात्री माझ्या माहेरी मुक्काम, रविवारी नदी. तलावात शिकलेल्या माणसाने एकदा तरी नदीत पोहावं, असं मला वाटतं.

परबमामी माझ्याकडे आल्या त्या अशाच एका एप्रिलमध्ये. साठी उलटलेली, बारीक चण, नऊवारी सोडून नुकत्याच पाचवारीवर आलेल्या. लालबागच्या चाळीत सगळा संसार झाला. यजमान शिवडीला गोदामात होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. सोबत नात होती, सायली. नुकतीच बारावी झालेली, उंच, आजीच्या दुप्पट.

मी सवयीने सायलीकडे फॉर्म सरकवला. ती म्हणाली, "मॅडम, माझा नाही. आजीचा."

"आणि तू?"

"मला नाही चालत." तिने आजीकडे बघितलं. "म्हणजे, आजीची शपथ आहे."

मामी त्यांच्या मालवणीत म्हणाल्या, "तीच सोडूक इलंय. शिकव माका."

हळूहळू मला सगळं कळलं. मामींचं माहेर मालवणकडच्या खाडीकाठी. सायलीचे वडील पोटात असताना मामी बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. बाळ झालं, आणि त्यानंतर एकदा त्यांना तिसऱ्या खाव्याशा वाटल्या. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या वाळूत मिळणाऱ्या शिंपल्या. धाकटा भाऊ दत्तू आणायला गेला. भरतीचं पाणी कधी चढलं ते त्याला कळलं नाही. तो परत आला नाही. मामींनी मांडीवरच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घातली, तू किंवा तुझं पोर कधी पाण्यात उतरलं, तर माझं मेलेलं तोंड बघाल.

ही शपथ त्या घराने पाळली. सायलीचे वडील जन्मभर लालबागला राहिले, पण गेटवेवरून कधी लाँचमध्ये बसले नाहीत. ऑफिसची सहल अलिबागला गेली तेव्हा हे एकटे रस्त्याने पेण-वडखळ करत वळसा घालून पोचले. सगळं ऑफिस हसलं. ते म्हणाले, आईची शपथ आहे, आणि जेवायला बसले.

आता सायलीला जहाजावर जायचं होतं. परीक्षा पास झाली होती, प्रशिक्षणाची जागा मिळाली होती, जूनअखेर हजर व्हायचं होतं. आणि जहाजावर जाणाऱ्याला पोहणं आलंच पाहिजे.

"मी पप्पांना म्हटलं, शपथबिपथ काय, कोण मानतं," सायली मला म्हणाली. "पण रात्री झोप लागेना. समजा मी उतरले, आणि उद्या आजीला खरंच काही झालं, तर? मी नाही मोडू शकत, मॅडम. तिनेच सोडायला पाहिजे."

शपथ ज्याने घातली त्यानेच, ज्याच्यावर घातली त्याच्या तोंडावर 'सुटली' म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. मी मामींना म्हटलं, "मग म्हणा ना सुटली. एका शब्दाचं काम."

मामी म्हणाल्या, "तोंडान म्हणान काय होता? मनातून सुटाक नको? मी त्या पाण्याक एकदा बघतंय. माका सोडल्यान, तर पोरीकय सोडतला."

पाणी मामींना सुखरूप बाहेर येऊ देईल, तरच त्या नातीला पाण्यावर सोपवणार होत्या. मी फॉर्म भरला.

त्या बॅचमध्ये वैद्य मॅडम होत्या. दादरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, शुद्ध आणि नेमकं बोलणाऱ्या. मामींची आणि त्यांची जोडी मीच लावली, कारण दोघींची उंची सारखी होती. पहिल्या दिवशी रबरी टोपी घातल्यावर मामींनी आरशात बघितलं आणि मला म्हणाल्या, "माका माकड केलंस गो बाई."

वैद्य मॅडम म्हणाल्या, "अहो, मीसुद्धा तशीच दिसतेय. निदान जोडी तरी झाली."

पाण्यात तोंड घालून श्वास सोडायचा, हा पहिला धडा. बायकांना तो सगळ्यात अवघड जातो. मी म्हणते, चूल फुंकता तसं फुंका. वैद्य मॅडमनी जन्मात चूल फुंकलेली नव्हती, त्या नुसत्या गाल फुगवायच्या. मामींनी पहिल्याच फुंकरीला असे बुडबुडे काढले की शेजारची मुलगी दचकली. "लाकडा ओली असली काय अशीच फुंकूची लागता," त्या वैद्य मॅडमना शिकवू लागल्या. "पोटातून. गालातून नाय."

पण काठाची दांडी सोडायची वेळ आली की मामींचे हात सुटत नसत. बोटं पांढरी पडेपर्यंत त्या धरून ठेवायच्या. सायली रोज काचेच्या पलीकडे बाकावर बसलेली असायची. तिने कधी घाई केली नाही, कधी "आजी, जमेल" असं ओरडली नाही. मी इतक्या वर्षांत शिकणाऱ्यांच्या घरच्यांचे नाना प्रकार पाहिलेत. काठावरून ओरडणारे, व्हिडिओ काढणारे, माझ्यावरच डाफरणारे. इतकं शहाणं, गप्प बसलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

दुसरा आठवडा संपताना मामी तरंगल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी तलावाची रुंदी पार केली. सगळ्या बॅचने टाळ्या वाजवल्या. वैद्य मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते क्लोरीनवर ढकललं.

मी म्हटलं, "मामी, झालं. बोलवू सायलीला? सोडा शपथ."

मामींनी तलावाकडे बघितलं. "ह्या पाणी खय? ह्या तर बादलीतला. माझो भाऊ वाहत्या पाण्यात गेलो."

म्हणून त्या वर्षी डॉक्टरचा दाखला घेऊन परबमामी माझ्याबरोबर कऱ्हाडला आल्या. वैद्य मॅडम आल्या, सायलीही आली.

शनिवारी संध्याकाळी आम्ही घाटावर गेलो. नेहमीची गर्दी होती. पोरं उड्या मारत होती, वाळूत कबड्डी रंगली होती, गोळेवाल्यापुढे रांग लागलेली. वैद्य मॅडम भारावून म्हणाल्या, "अहो, हे सगळं रोज असतं? आणि आम्ही मेमध्ये पंख्याखाली पडून असतो!" मला माझ्याच गावाचा फार अभिमान वाटला, जणू नदी मी खणली होती.

मामी पायऱ्या उतरल्या. घोटाभर पाण्यात गेल्या, मग गुडघाभर. आणि थांबल्या. नदीची ओढ तिथे अगदी कमी आहे, पण तलावात तीही नसते. पाणी पोटऱ्यांना वळसा घालून पुढे जात होतं. मामींनी खाली बघितलं. तलावात खालच्या फरशा दिसतात. इथे स्वतःची पावलंही दिसेनात.

"ह्या ओढता गो," त्या हळूच म्हणाल्या, आणि मागे फिरल्या.

सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन त्या बसल्या. तीन आठवड्यांचं शिक्षण गुडघाभर पाण्यात वाहून गेलं होतं. सायली शेजारी जाऊन बसली. मामी तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "माका नाय जमूचा, बाय. तू दुसरी कसली नोकरी बघ." सायलीने फक्त मान हलवली. मला वाटलं, झालं, संपलं. वाईट याचं वाटलं की पोरगी रडलीसुद्धा नाही.

तेवढ्यात दादा पोरांची शेवटची फेरी घेऊन काठाला आला. पाठीवर डबे बांधलेली चिमुरडी एकेक करत पायऱ्या चढू लागली. पाण्यातून बाहेर आल्यावर डबे एकमेकांवर आपटून ठणठणत होते.

मामी बघत राहिल्या. "ता काय बांधलंय त्यांच्या पाठीर?"

"डबा. बुडू नये म्हणून."

"माका बांध."

मी म्हटलं, "मामी, तुम्हाला पोहता येतं. डबा नवशिक्यांना असतो. तुम्ही तलाव पार केलाय."

"तुझ्या टाकीत येता," मामी म्हणाल्या. "हय मी नवीच."

माझ्या डोक्यात ते प्राध्यापक उभे होते. दादा अंग पुसत म्हणाला, "अगं, तू कशी शिकलीस मग? बुडालीस का? बांध की गप."

रविवारी सकाळी दादाने मामींच्या पाठीला डबा बांधला. मधला. मोठा बघून त्या म्हणाल्या होत्या, "हो नको, लोक हसतले." वैद्य मॅडम डब्याशिवाय जायचं म्हणून अडून बसल्या. बरोबर होडी होती, होडीत ट्यूब होत्या, दादाची दोन तयार पोरं बाजूला होती. मी मामींच्या हाताशी होते.

नदी उन्हाळ्यात फार रुंद नसते, पण पाण्याच्या पातळीवरून बघणाऱ्याला दुसरा काठ लांबच दिसतो. वैद्य मॅडम अर्ध्यावर जाऊन एकदम गोंधळल्या. तलावात पोहणाऱ्याला थोड्या वेळाने भिंत लागते, हात तिची वाट बघत असतो. त्या हात पुढे करून चाचपडल्या आणि ओरडल्या, "अहो, भिंत कुठाय?" दादाच्या पोरांनी त्यांना हसत हसत होडीची कड धरायला दिली. थोडा दम खाऊन त्या पुढे गेल्या आणि पलीकडे पोचल्या.

मामी सावकाश येत होत्या. चूल फुंकत होत्या. मध्यावर आलो आणि त्यांचे हात थांबले. त्यांनी डोकं वर काढलं, पाय खाली गेले, त्या तळ शोधू लागल्या. तळ नव्हता. मी हात पुढे केला.

मामींनी तो धरला नाही. डब्याने त्यांना वर ठेवलं होतं. गळ्यापर्यंत पाण्यात, नदीच्या मध्यावर, त्या इकडेतिकडे बघत होत्या. प्रवाह त्यांना हळूहळू खाली नेत होता, आणि त्या जात होत्या.

"ओढता," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण सोडता पण."

"चला मामी, पलीकडे."

"पलीकडे काय ठेवलंहा? पोर हय असा." त्या घाटाकडे वळल्या, आणि आहे नाही तेवढा दम एकवटून ओरडल्या, "सायली! सुटली गो! सुटली!"

घाटावरच्या लोकांना काहीच ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी आई सायलीच्या शेजारी उभी होती. तिने मला नंतर सांगितलं, की ती सायलीला म्हणाली, "जा पोरी, म्हातारीनं सोडलं, उतर आता." पण सायली जागची हलली नाही. "आधी तिला बाहेर येऊ दे," एवढंच म्हणाली. आजी पाण्यात असताना काठावर उभं राहणं काय असतं, हे काचेमागच्या बाकावरून तिला कधी कळलं नव्हतं.

आम्ही परत फिरलो. मामींना घाटाच्या पायऱ्यांना हात लावेपर्यंत बराच वेळ लागला. वर चढताना डबा मागे ठणठणला. अंगावर पोहण्याचे कपडे, डोक्यावर टोपी नाही, केस गळ्याभोवती चिकटलेले, ओठ निळे. आणि चेहऱ्यावर असा काही आनंद, की मी इतक्या वर्षांत कुठल्या पदकवाल्या मुलीच्या तोंडावर तो पाहिला नाही.

सायली धावत खाली आली. तिने टॉवेल आजीच्या अंगावर टाकला नाही, फेकलाच. आत्तापर्यंत न रडलेली पोरगी आता हमसून हमसून रडत होती आणि भांडत होती.

"मध्येच का थांबलीस? मला वाटलं तू गेलीस! वेडी आहेस का तू? परत उतरायचं नाही पाण्यात, कळलं? परत उतरलीस ना, तर माझं मेलेलं..."

मामींनी ओला तळवा तिच्या तोंडावर घट्ट दाबला.

"नको," त्या म्हणाल्या. "ता तोंडातून काढू नको. माका सोडूक म्हातारपण इला."

सायलीच्या गालांवर नदीचं पाणी कुठलं आणि तिचं कुठलं, कळत नव्हतं. मामींनी हात काढला, तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि रीतीप्रमाणे, अगदी हळू, पुन्हा एकदा म्हणाल्या, "सुटली."

मग त्यांची नजर खाली गेली.

"चप्पल काढ," त्या म्हणाल्या.

सायलीने चपला काढून पायरीवर ठेवल्या. मी दादाकडे वळले.

"दादा, एक डबा दे," मी म्हटलं. "मोठा."